प्लास्टिकचा गंज

घाटंजी
१२ जानेवारी २०२५

चि. संघर्षला सप्रेम जय भीम.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पोस्टमन काही विचारत नाही की घ्यायचं आहे का नाही, दारात टाकून निघून जातो, हा त्याचा मोठा गुण. फाडून फेकलंस तरी फाडता फाडता एखादी ओळ डोळ्याखालून जाईलच. अक्षर माझं चांगलं आहे, एवढं तर तूही मानतोस.

तू हैदराबादला बरा आहेस, ऑफिसात ड्रॉइंगचं काम वाढलंय, खानावळीत पोळीपेक्षा भात जास्त असतो, हे सगळं मला माहीत आहे. तुझ्याशी बोलून झालं की तुझी आई ते स्वयंपाकघरातून मोठ्यानं सांगते, भांड्यांना सांगितल्यासारखं. मी ओट्यावर बसून न ऐकल्यासारखं करतो. दोघांचं बरं जमलंय.

आता मुद्द्याचं. तुझा रोबोट माझ्याजवळ आहे. सव्वा वर्ष तो कपाटावर होता, तोंड भिंतीकडे करून. ते तोंड मीच तिकडं केलं होतं. परवा खाली काढला.

आधी कबुली देतो, आणि लिहून देतो, म्हणजे नंतर फिरता येणार नाही. मागच्या नाही, त्याच्या आधीच्या धम्मचक्र दिनाला तू आणि तुझी आई नागपूरला दीक्षाभूमीवर गेलात. मी गुडघ्यापायी घरी राहिलो. टेबलावर तुझा रोबोट उभा. दीड वीत उंच, खांदे रुंद, पण अंगभर गंज, कोपऱ्याकोपऱ्यावर रंग उडालेला, पाठीवर धुराचे डाग. मी म्हटलं, पोराची एवढी हौसेची वस्तू, बसच्या डिकीत खराब झाली वाटतं. तुम्ही परत येईपर्यंत मी तो चकाचक केला. पिवळं अंग, लाल खांदे, छातीवर निळं कमळ आणि मागच्या बाजूला, कमरेखाली, हॉर्न ओके प्लीज. ते शेवटचं अक्षर फार सुरेख उतरलं होतं, खोटं कशाला बोलू.

तुझ्या आईनं दारातच कपाळाला हात लावला. "प्लास्टिकले कुठं गंज चढते काय जी? येवढं तरी समजाले पायजे होतं!"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षं ट्रक, ट्रॅक्टर, गिरणीचे दरवाजे, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. गंज दिसला की हात आपोआप पॉलिश पेपर शोधतो. तुकडे जोडून केलेल्या त्या मॉडेलवर हा गंज तू चार महिने बसून रंगवला होता, हैदराबादच्या मॉडेलांच्या स्पर्धेत ठेवणार होतास, एवढं तू त्या दिवशी बोललास. मग जेवला नाहीस, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललाही नाहीस.

तर मी ठरवलं आहे. जसा होता तसा करून देतो. मग तू घरी ये. कोणाला काही म्हणू नको, ओट्यावर माझ्या बाजूला बस, चहा पी. मला एवढंच पाहिजे.

सोबत पोस्टकार्ड आहे. पत्ता मीच घालून ठेवलाय. एक शब्द लिहिलास तरी पोचेल.

तुझा बाप
धर्मपाल पेंटर

ता.क. जुना रंग काढायला सुरुवात केली. काम छान चाललं आहे.


घाटंजी
२५ जानेवारी २०२५

चि. संघर्ष,

कार्ड आलं नाही. पोस्टात कुठं अडकलं असेल. मी आपला माझा रिपोर्ट देतो.

ऑइल पेंट काढायचा तर आम्हा लोकांना थिनर माहीत. पण प्लास्टिकवर थिनर वापरायचा नसतो. मी तो वापरला नाही. म्हणजे फार वापरला नाही. असो.

मग देवसिंगच्या गॅरेजवर गेलो. तोच देवसिंग, ज्याचं तोंड तुम्ही पोरांनी कधी पाहिलं नाही, कारण तो इंजिनात डोकं घालूनच बोलतो.

"देवसिंग, ऑइल पेंट निघाला पायजे अन् खालचं प्लास्टिक सलामत राह्यलं पायजे. काय लावू?"

"कोणत्या गाडीचा हाय?"

"रोबोटचा."

डोकं बाहेर आलं. "पेंटरभाऊ, तबियत बरी हाय ना?"

मी पिशवीतून रोबोट काढून बोनेटवर उभा केला. त्यानं चारी बाजूंनी पाहिला. मागचं वाचलं आणि इतका हसला की हातातला पाना नालीत गेला. "अन् याच्या मागं हॉर्न वाजवाले कोन येनार हाय?" हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "ब्रेक ऑइल घ्या. बंपरवर सांडलं तं दोन दिवसात रंग सालीवानी निघते. आमाले थे नुकसान वाटते, तुमच्या कामाचं दिसून राह्यलं."

या वेळी मी घाई केली नाही. रोबोटच्या खोक्यात ती प्लास्टिकची चौकट पडली होती, जिच्यातून तुकडे तोडून काढतात. तिचा एक काप पिवळा रंगवला, सुकवला आणि ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी रंग अख्खा उतरला, खालचं प्लास्टिक जसंच्या तसं. तेव्हा रोबोटचे सांधे सोडवले, आतले रबरासारखे मऊ तुकडे वेगळे काढले, हातमोजे घातले आणि बाकीचं सगळं आईच्या लोणच्याच्या बरणीत टाकलं. बरणी रिकामी होती. आता ती लोणच्याला चालणार नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

या पत्रातही कार्ड आहे. पहिलं हरवलं असेल तर.

तुझा बाप


घाटंजी
७ फेब्रुवारी २०२५

संघर्ष, लेका,

कार्ड आलं!

पोस्टमननं हाक मारली तेव्हा तुझी आई पीठ मळत होती, तशीच हात वर करून पळत आली. "काय लिहिलं जी? वाचा ना!"

मी वाचलं. "ब्रेक ऑइलनं? किती वेळ ठेवलं?"

"बस? येवढंच?"

"अवं, दोन प्रश्न हायेत!" मी म्हटलं. "सव्वा वर्षात पयल्यांदा दोन प्रश्न इचारले पोरानं."

ती आत गेली. थोड्या वेळानं भांड्यांना सांगितलं, "बापलेकाचं बोलनं सुरू झालं, ब्रेक ऑइलवरून." भांडी पण खूश झाली असतील.

तर उत्तर देतो. मोठे भाग अडीच दिवस, बारीक भाग दीड दिवस. जुन्या टूथब्रशनं घासले, साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतले. सगळं राखाडी प्लास्टिक झालंय, कारखान्यातून आल्यासारखं. पिवळा गेला, लाल गेला, माझा हॉर्न गेला. वाईट एवढंच वाटलं की त्याच्याखाली तुझं जे होतं ते पण गेलं. जरा जरा वाचेल अशी आशा होती. नाही वाचलं.

आता खरी अडचण. आयुष्यभर मी गंज झाकला. तो रंगवून दाखवायचा कसा, हे मला येत नाही. परवा विटकरी रंग घेऊन एका पायावर ठिपके दिले. तुझी आई म्हणाली, "याले गोवर निंगाला काय?" धुऊन टाकलं.

तू तिला एकदा सांगितलं होतं म्हणे, की हा रोबोट दोनशे वर्षांनंतरचा आहे आणि वणीच्या कोळसा खाणीत काम करतो. लहानपणी अश्वजितमामानं तुला तिथले डंपर दाखवले होते, ते तुझ्या डोक्यात राहिले. मी ही गोष्ट तेव्हा ऐकली असती तर बरं झालं असतं. तू मलाही सांगायला आला असशील, मी कोणाची तरी नंबरप्लेट करत असेन.

म्हणून मी मंगळवारी वणीला जातो. गंज पाहायला.

तुझा बाप


वणी, अश्वजितमामाच्या घरून
१२ फेब्रुवारी २०२५

चि. संघर्ष,

हे पत्र तुझ्या मामाच्या घरी बसून लिहितो आहे. पांढरकवड्याला गाडी बदलून आलो. गुडघ्यानं साथ दिली.

मामानं मला खाणीच्या रस्त्यावर नेलं. जुने बाद डंपर एका कुंपणात उभे करून ठेवलेत, तिथं. मी चष्मा लावून एका डंपरच्या चाकाशी खाली बसलो आणि मोबाईलनं फोटो काढायला लागलो. पाच मिनिटांत चौकीदार हजर.

"बाबा, कायचे फोटू काढून राह्यले?"

"गंजाचे."

"कायचे?"

"गंजाचे. हा पाहा, बोल्टच्या खालून कसा ओघळ आला. वर काळपट, खाली नारिंगी, शेवटी नुसती सावली. किती बेस हाय!"

त्यानं मामाकडं पाहिलं. मामानं सांगितलं, "माहे भाटवे हायेत, बहिनीचे मालक. पेंटर हायेत." चौकीदाराला ते पुरेसं वाटलं. त्यानं मला बसायला खुर्ची दिली. वर विचारलं, "तिकडच्या क्रेनचा गंज पाह्यला काय? थो याच्याहून चांगला हाय." तो खरंच चांगला होता.

आता तुला एक सांगतो, लेखी सांगतो. डंपरला चढायची शिडी असते. तिच्या तिसऱ्या पायरीजवळ, उजव्या हाताला, रंग पार धातूपर्यंत उडालेला होता. बाकी शिडी ठीक. मी मामाला विचारलं, इथंच काहून? तो म्हणाला, "ड्रायव्हरचा बूट रोज तिथंच लागते ना भाऊजी." मी दुसरा डंपर पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांना तिथंच.

तुझ्या रोबोटच्या उजव्या गुडघ्यावर असाच एक घासलेला पट्टा होता. मला चांगला आठवतो, कारण त्याच्यावर मला पिवळ्याचे दोन हात मारावे लागले होते, एका हातात झाकला जात नव्हता. त्या गुडघ्यावर पाय देऊन कोणीतरी वर चढत होतं. तो माणूस तू मनात बसवला होता, त्याच्या बुटासकट. आणि मी त्याला खाली पाडलं.

मी चष्मा काढून त्या खुर्चीवर बसलो. चौकीदारानं पाणी आणून दिलं. त्याला वाटलं ऊन लागलं.

येताना रुमालात चिमूटभर कोळशाची भुकटी बांधून घेतली, चौकीदाराला विचारून. तो म्हणाला, "घेऊन जा जी, खान काही संपत नाही."

प्रश्न विचारतो, कार्डावर जागा सोडली आहे:
रंग ऑइल की दुसरा?
उडालेला रंग दाखवायचा कसा?
कोळसा कशानं चिकटवू?

तुझा बाप


घाटंजी
५ मार्च २०२५

चि. संघर्ष,

तुझं कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. सगळ्या कार्डावर बारीक अक्षर, माझ्या जागेत मावलं नाही म्हणून पत्त्याच्या बाजूला पण लिहिलंस. पोस्टमन वाचत वाचत आला. मला म्हणाला, "पेंटरकाका, ऑइल पेंट नका वापरू म्हणते तुमचा पोरगा."

तू सांगितलं तसंच केलं. ऍक्रिलिक आणलं. आधी गंजाचा रंग. त्याच्यावर पाणी शिंपडून जाड मीठ. त्याच्यावर खाणीचा फिका पिवळा, फवाऱ्यानं, पातळ. सुकल्यावर मीठ झाडलं. मीठ निघालं तिथून खालचा गंज असा वर आला की मी एकटाच "वाह" म्हणालो. चाळीस वर्षांच्या धंद्यात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण, आमच्याकडं रंग उडवायला गिऱ्हाईक येत नाही.

तुझी आई म्हणते, "वरनात मीठ नाही अन् बाहुल्याले मिठाची आंगोय!" त्या दिवशी वरण खरंच अळणी होतं. डबा मी टेबलावर नेला होता.

भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा तोडून कोपरे टिपले. ओघळ वणीच्या फोटोंवरून काढले. कोळसा तुझ्या आईच्या पिठाच्या चाळणीतून, नाही, तिच्या जुन्या चाळणीतून चाळून ब्रशनं बसवला आणि वरून बिनचमकीचा वॉर्निश. पाठीवर, धुराड्याजवळ, गुडघ्याच्या मागं. आणि उजव्या गुडघ्यावर तो पट्टा. तो मी सगळ्यात शेवटी केला. तीनदा पुसला, चौथ्यांदा जमला.

इथपर्यंत वाचून तुला बरं वाटलं असेल तर आता पुढचं वाच. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, काम छान चाललं आहे. ते खोटं होतं. त्याच दिवशी सकाळी मी डावा पंजा थिनरमध्ये बुडवला होता. पाहता पाहता गुळासारखा पाघळला. पाच बोटांचा एक गोळा झाला. दुसऱ्या पत्रात "फार वापरला नाही" लिहिलं, ते याच्याबद्दल होतं. दोन महिने हे पोटात ठेवलं. सांगितलं असतं तर तू ते दोन प्रश्न विचारले नसतेस, अशी भीती होती. माणूस लालची असतो.

पंजा नव्यानं बनवला आहे. पाच बोटं मला जमली नाहीत, म्हणून खाणीतल्या लोडरचा असतो तसा तीन दात्यांचा केला, जाड प्लास्टिकच्या पट्टीतून कोरून. काल संध्याकाळी तो बसवायला घेतला, हातात गोंदाची नळी. तुझी आई मागं येऊन उभी राहिली.

"त्याले इचारलं काय?"

"अवं, चांगला झाला हाय. पाहून खूश होईल."

"मांगच्या टायमालेबी तुमाले असंच वाटलं होतं."

मी गोंदाचं टोपण लावलं.

तर विचारतो. हा पंजा लावू की नको? नको म्हणालास तर डावा हात तसाच राहील. खाणीत हात गेलेली माणसं असतात, रोबोट पण असतील. फोटो जोडला आहे, स्टुडिओतून काढून आणला. फोटोत अंगठा माझा आहे, मापासाठी.

अजून एक. छातीवर, मधोमध, तू काहीतरी बारीक लिहिलं होतं. दोन ओळी होत्या. मी तेव्हा चष्मा लावला नव्हता, मला ती डागासारखी दिसली, त्याच्यावर मी कमळ काढलं. बाकी सगळं मला आठवतं, हे आठवत नाही, कारण मी वाचलंच नाही. काय होतं ते सांग. अक्षराचं काम तर मला येतं. ते मी तुझ्या मनासारखं लिहून देईन.

रागावला असशील तर कार्डावर राग लिही, पण कार्ड पाठव.

तुझा बाप


घाटंजी
१९ मार्च २०२५

संघर्ष,

तुझं कार्ड आज आलं. चौदा दिवस वाट पाहिली.

"छातीवर 'रंग व अक्षर: धर्मपाल आर्ट, घाटंजी' लिहिलं होतं. दोनशे वर्षांनंतर पण तुमचीच पाटी. तुम्ही वाचलं नाही."

प्रत्येक पाटीच्या खाली, कोपऱ्यात, मी हीच ओळ लिहायचो. यवतमाळ रोडवर अजून दोन-चार ठिकाणी दिसते, बाकीच्या पाट्या आता छापून येतात.

दुसऱ्यांची नावं लिहिण्यात हयात गेली. माझं नाव कोणी लिहिलं, आणि ते पुसायला दुसरा कोणी मिळाला नाही, मीच मिळालो.

तुझ्या आईनं कार्ड वाचलं. तिनं तुला फोन लावला, बराच वेळ बोलली, आणि भांड्यांना या वेळी काहीच सांगितलं नाही.

छाती मी कोरी ठेवली आहे. तिथं मी माझं नाव लिहिणार नाही. ते तू लिहिलं होतंस म्हणून ते नाव होतं. मी लिहिलं तर नुसती जाहिरात.

पंजाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. तो डबीत आहे.

धर्मपाल


घाटंजी
३० मार्च २०२५

चि. संघर्षला सप्रेम जय भीम.

कार्ड मिळालं. आधी तुझ्या आईनं वाचलं, मग मी, मग तिनं परत. मग देवसिंग स्कूटरवरून जात होता त्याला थांबवून वाचून दाखवलं, त्याचा काही संबंध नव्हता तरी.

"पंजा चांगला आहे. माझ्या पाच बोटांपेक्षा खाणीत जास्त कामाचा. पण लावू नका. छातीवर काही लिहू नका. मी जयंतीले येतो, मग दोघं मिळून करू. रजा टाकली."

हैदराबादला राहून इतकी वर्षं झाली, कार्डावर इतकं शुद्ध लिहितोस, आणि मध्येच "जयंतीले" आलं. तुझ्या आईनं त्या एका शब्दावर बोट ठेवून मला दाखवलं, "पाहा, गेला नाही कुठं."

तू चौदा एप्रिलच्या आधीच पोचशील असं धरून चाललो आहोत. तिनं गादी उन्हात टाकली. जयंतीच्या मिरवणुकीची मोठी पाटी या वर्षी वस्तीतल्या पोरांनी माझ्याकडंच दिली आहे, फ्लेक्स नको म्हणाले. मी निळा लावून ठेवला, अक्षर अजून टाकलं नाही.

रोबोटचं म्हणशील तर तो आता माझ्या टेबलावर नाही. तुझ्या आईनं तो उचलून गोदरेजच्या कपाटात ठेवला आणि चावी कमरेला लावली. कारण परवा तिनं मला त्याच्यासमोर ब्रश घेऊन बसलेलं पाहिलं. मी काही करत नव्हतो. डाव्या खांद्याच्या ओघळाला एक सावली कमी होती, एवढंच पाहत होतो.

"हातात बरश कायले मंग?"

"सवय हाय."

"सवयीनंच घात केलता," म्हणाली, आणि कपाट बंद.

काल देवसिंग मुद्दाम पाहायला आला. तिनं कपाट उघडून लांबूनच दाखवला, दुकानातला दागिना दाखवतात तसा. त्यानं बराच वेळ पाहिला. हसला नाही. "पेंटरभाऊ, हा तं खरंच राबलेला वाटून राह्यला जी." मग म्हणाला, "पन छाती काहून कोरी सोडली? लिहून टाका काही. तुमाले काय, दोन मिंटाचं काम."

मी म्हटलं, "माहं नाही ना थे. मालक येऊन राह्यला."

देवसिंग गेल्यावर मला एकदम आठवलं म्हणून हे पत्र. तू आल्यावर छातीवर जे लिहिशील ते लिही, मी विचारणार नाही. पण एवढं बारीक अक्षर लिहायला ब्रश पाहिजे, आणि माझा सगळ्यात बारीक ब्रश आता तीन केसांचा राहिला आहे, तिन्ही तीन दिशांना जातात. तुझं कार्ड आलं की यवतमाळला जातो. दुकानात शून्य नंबरचा मिळतो, दोन शून्यांचा मिळतो, त्याच्याहून बारीक मागवावा लागतो. मी तुझ्या जागी असतो तर दोन शून्यांचा घेतला असता. पण मी तुझ्या जागी नाही.

कोणता आणू, ते तू सांग.

तुझा बाप
धर्मपाल